खडकीचे सॅपर आणि ब्रायटनचं कुंपण

व्हिसाच्या रांगेत उभं राहिलं की सीमा डोळ्यांसमोर असते. काच, काउंटर, शिक्का. आजच्या भागातली सीमा मात्र एका हॉस्पिटलच्या गेटवर होती. गोष्ट सुरू होते आपल्या खडकीत.

खडकीतल्या बॉम्बे सॅपर्सना 1914 साली ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’ म्हणायचे. मराठे, शीख, पंजाबी मुसलमान असे जवान. काम काय, तर खंदक खणा, पूल बांधा, सुरुंग लावा.

त्याच वर्षी 23 मेला ‘कोमागाता मारू’ जहाज कॅनडात व्हँकुव्हरला पोचलं. 376 प्रवासी, सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, त्यांत काही माजी सैनिकसुद्धा. कॅनडाचा नियम असा होता, की मायदेशातून कुठेही न थांबता थेट आलात तरच प्रवेश. आता भारतातून असं थेट जहाज सुटतच नव्हतं! नियमात कातडीच्या रंगाचा एक शब्द नाही, पण अडकायचे ते आपलेच लोक. मला विचाराल तर नुसत्या बंदीपेक्षा हे जास्त बेरकी होतं. दोन महिने बंदरात अडकवून ठेवल्यावर 23 जुलैला जहाज परत पाठवलं. मोजके लोक सोडले तर कुणाला उतरू दिलं नाही.

आणि बाराच दिवसांनी, 4 ऑगस्टला, ब्रिटन युद्धात उतरलं. मग काय, समुद्र ओलांडायला कुणाची हरकत उरली नाही. सप्टेंबरच्या अखेरीला लाहोर डिव्हिजन फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरली. थर्ड सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या याच डिव्हिजनच्या.

28 ऑक्टोबरला नव्ह शापेल या गावावर हल्ला झाला. खणणाऱ्या-बांधणाऱ्या या माणसांना 47व्या शीख पलटणीबरोबर पायदळ म्हणून पुढे पाठवलं. घराघरांतून लढाई झाली. दोन्ही कंपन्यांचे ब्रिटिश अधिकारी एकूण एक मारले गेले किंवा जखमी झाले. जवानांचं नुकसानही भयंकर होतं.

फ्रान्समधल्या जखमी हिंदी जवानांपैकी हजारो जणांना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनला नेलं. तिथल्या रॉयल पॅव्हेलियन या घुमटांच्या राजवाड्यात हॉस्पिटल थाटलं होतं. जातीधर्मांप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे वेगळे नळ. (थोडक्यात, काही कुंपणं आपण घरूनच नेली होती.) फोटो भरपूर निघाले, सरकारला प्रचारासाठी ते हवेच होते.

पण त्याच शहरात किचनर इंडियन हॉस्पिटलही होतं. इमारत जुन्या वर्कहाउसची, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घ्यायची जागा. प्रमुख कर्नल ब्रूस सेटन. त्याने भोवती काटेरी तार लावली, पहारा बसवला. बाहेर जायचं तर सोबत कुणीतरी लक्ष ठेवणारं हवं. भीती कसली? हिंदी माणसं गावातल्या गोऱ्या बायकांशी बोलतील, ओळखी होतील, आणि मग परत जाऊन साहेबाला घाबरणार नाहीत! 1915च्या मे महिन्यात एका वर्तमानपत्रात हिंदी जवानाच्या पलंगाजवळ उभ्या असलेल्या गोऱ्या नर्सचा फोटो छापून आला, तर केवढा गहजब झाला. नर्सना हिंदी जखमींच्या शुश्रूषेवरून काढण्याचे हुकूम सुटले.

बंदी फक्त रुग्णांना नव्हती, हिंदी कर्मचाऱ्यांनाही होती. शेवटी एका हिंदी सब-असिस्टंट सर्जनने सेटनवर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. त्याला सात वर्षं सक्तमजुरी झाली.

याच हॉस्पिटलात गोडबोले नावाचे एक सब-असिस्टंट सर्जन होते. 1915 साली त्यांनी पुण्यातल्या मित्राला मराठीत पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की इथले लोक फार छान आहेत, गोड बोलतात, आपल्याला बघून खूश होतात. भारतात येताजाता ऐकू येणाऱ्या शिव्या इथे क्वचितच. दात-ओठ खातात ते फक्त भारतात राहून आलेले. आणि मग त्यांना कोडं पडतं, की हीच माणसं हिंदुस्थानात पोचली की इतकी वाईट का होतात?

पुण्याच्या माणसाला कॅम्पातला आणि खडकीतला साहेब चांगला माहीत होता. ब्रायटनला येऊन त्याला कळलं की बोटीत चढण्याआधी तो साहेब असा नव्हता.

हिंदी जवानांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचायचा, निवडक मजकूर इंग्रजीत उतरवून अहवालात लावायचा. गोडबोल्यांचं पत्र आज आपल्याला वाचता येतं, ते त्या अहवालातूनच.