कुशल, दम, संवर, विनय : कौशल्य आणि संयमाचे शब्द कसे वापरावेत?

वंदनेत आणि सुत्तपठणात आपण कौशल्य व संयम यांविषयीचे अनेक पाली शब्द उच्चारतो. त्यांतले बरेच शब्द आजच्या मराठीतही आहेत, पण त्यांचा अर्थ सरकलेला आहे. भाषणात, लेखात किंवा निवेदनात ते वापरताना गल्लत होऊ नये म्हणून काही महत्त्वाचे शब्द येथे देत आहोत.

कुसल (कुशल) : पालीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ जाणकार, निष्णात. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात बुद्ध राजपुत्राला विचारतात, रथाच्या सर्व भागांची तुला जाण आहे ना? तिथे हाच शब्द येतो. दुसरा अर्थ हितकर, निर्दोष. लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशलाची तीन मुळे आहेत. या अर्थाने 'अकुशल' ठरते ते कर्म. कोणाचा जन्म किंवा कष्टाचे काम नव्हे.

सरकारी मराठीत मात्र हा शब्द माणसाला चिकटतो. किमान वेतनाच्या अधिसूचनांत कामगार कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे विभागलेले असतात. जमिनीलगत ऊस तोडून मोळी बांधणाऱ्या बाईला किंवा बांध घालणाऱ्या मजुराला काही येत नाही, असा याचा अर्थ होत नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये दाखवून दिले. कोणत्या कामाला कौशल्य म्हणायचे हे कोण ठरवते, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. म्हणून लेखात-भाषणात आपण 'अंगमेहनतीचे काम' म्हणावे. वेतनाच्या मागणीपत्रात मात्र अधिसूचनेतलाच शब्द ठेवावा, नाहीतर मागणी कागदावरच अडते.

सिप्प : शिल्प, हातची कला. महामंगलसुत्तात बहुश्रुतता, सिप्प आणि विनय यांची गणना एकाच ठिकाणी मंगलांत केली आहे. म्हणजे विद्या, हाताचे कसब आणि शिस्त यांत उच्चनीच नाही.

कोसल्ल (कौशल्य) : दीघ निकायातील संगीतिसुत्तात याचे तीन प्रकार आहेत. वाढ कशाने होते हे जाणणे म्हणजे आयकोसल्ल, हानी कशाने होते हे जाणणे म्हणजे अपायकोसल्ल आणि मार्ग जाणणे म्हणजे उपायकोसल्ल. संघटनेच्या कामात तिन्ही लागतात. आपल्याकडे बहुधा फक्त तिसऱ्याची चर्चा होते.

दम, दमन : आजच्या मराठीत दमन म्हणजे दडपशाही. पालीत दम म्हणजे स्वतःला वळण लावणे. बुद्धवंदनेतील 'पुरिसदम्मसारथि' हा शब्द याच धातूपासून आला आहे. ऐकताना तो 'धम्म' वाटू शकतो, पण तो 'दम्म' आहे. वळण लावण्याजोग्या माणसांचा सारथी, असा त्याचा अर्थ. अंगुत्तर निकायात केसी नावाच्या घोडे शिकवणाऱ्याशी बुद्धांचा संवाद आहे. जो घोडा कशानेच वळत नाही त्याला मारतो, असे केसी सांगतो. बुद्धांच्या लेखी 'मारणे' म्हणजे अशा माणसाला उपदेश करणे सोडून देणे. राज्यसत्तेच्या दमनाविषयी लिहिताना 'दडपशाही' हा शब्द वापरला तर घोटाळा टळतो.

संवर : इंद्रियांवर राखण ठेवणे. मराठीतले 'सावरणे' याच कुळातले. तोल सावरणारा माणूस चालणे थांबवत नाही, तो पडत नाही एवढेच. संवराचा अर्थ समजावताना हे उदाहरण उपयोगी पडते.

विनय, सिक्खापद : मराठीत विनय म्हणजे नम्रता, पालीत संघाची शिस्त. पंचशील घेताना आपण 'सिक्खापद' म्हणतो, म्हणजे शिकण्याचा नियम. 'समादियामि' म्हणजे मी स्वतः ग्रहण करतो. पंचशील ही कोणी वरून दिलेली आज्ञा नाही.

संयम : हा शब्द सर्वांत जास्त गैरवापरला जातो. अत्याचार झाला की 'संयम पाळा' असे पीडितांनाच सांगितले जाते आणि त्याचा अर्थ गप्प बसा असा घेतला जातो. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर सत्याग्रहींवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही. पण लढा थांबला नाही. त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली आणि तळ्याचा खटला 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. हात आवरला, हक्क सोडला नाही. आपल्या निवेदनात 'संयम' हा शब्द लिहिताना पुढची मागणी त्याच वाक्यात लिहावी.