गर्भातले रक्त

सिकलसेलचा इतिहास सांगताना पहिले नाव घेतले जाते ते लायनस पॉलिंग यांचे. १९४९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले. मला मात्र या इतिहासातला अधिक दूरवर गेलेला धागा वर्षभर आधीचा वाटतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांना १९४८ साली एक विसंगती दिसली होती. आईच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी भरपूर सापडत, तिच्या नवजात बाळाच्या रक्तात अगदी तुरळक. गर्भात तयार झालेले हिमोग्लोबिन बाळाला राखत असावे, असा त्यांचा तर्क होता.

तो खरा ठरला. या हिमोग्लोबिनात ‘बीटा’च्या जागी ‘गॅमा’ साखळ्या असतात आणि त्या सदोष हिमोग्लोबिनचे धागे जुळू देत नाहीत. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाची जनुके मंदावतात; मग बाळाची दुखणी सुरू होतात.

ती मंदावतात कशामुळे, हे कळायला साठ वर्षे गेली. वाट दाखवली ती माणसांनीच. सौदी अरेबियाच्या पूर्व भागात आणि ओडिशात अनेक रुग्णांमध्ये गर्भकालीन हिमोग्लोबिन मोठेपणीही भरपूर आढळले, आजारही सौम्य. दोन्हीकडे अकराव्या गुणसूत्रावर, गॅमा जनुकाच्या अगदी शेजारी, एकाच अक्षराचा तोच फरक होता. पण तेवढ्याने सगळे उलगडेना. थॅलसेमिया असलेल्या एका मोठ्या भारतीय वंशाच्या कुटुंबाचा अभ्यास करताना स्वी ले थेन आणि सहकाऱ्यांना १९९६ साली दुसरे ठिकाण सापडले, थेट सहाव्या गुणसूत्रावर. (अशा कुटुंबांची नावे छापत नाहीत. योग्यच आहे, पण इतिहासात त्यांची जागा शास्त्रज्ञांच्या शेजारी आहे.) २००७ साली दुसऱ्या गुणसूत्रावरचे ‘बीसीएल११ए’ पुढे आले आणि पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये विजय शंकरन व स्टुअर्ट ऑर्किन यांनी दाखवले, की गॅमाला गप्प करणारे ते हेच.

इकडे ओडिशाच्या अनुभवावरून ‘भारतीय सिकलसेल सौम्य’ असा समज रुजला होता. नागपूरच्या बालरुग्णांच्या नोंदींनी त्याला तडा दिला. गर्भकालीन हिमोग्लोबिन बऱ्यापैकी असूनही हाडे पिळवटणाऱ्या वेदना, तीव्र रक्तक्षय, पुन्हा पुन्हा रुग्णालय. सरासरी दिलासा देते. पण मूल सरासरीत जगत नाही. ‘सौम्य’ या एका शब्दाने विदर्भातल्या आजाराकडे पाहण्याची नजरच सैल केली, असे माझे मत आहे.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने नव्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळपेशींत बीसीएल११ए चालवणारा डीएनएचा तुकडा कापून गॅमा पुन्हा जागे करायचे, अशी त्याची रीत. अमेरिकेत किंमत ठरली २२ लाख डॉलर. गर्भकालीन हिमोग्लोबिनच वाढवणारी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल आपल्याकडे काही रुपयांना मिळते. ती रोज घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते.