खेळयंत्रे आणि कारागिराचे नाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांला गिरणी चळवळीवर बोलावयास सांगितले होते. आम्ही तो विषय बदलून मागितला आणि व्हिडिओ गेमच्या यंत्रांचा इतिहास मागून घेतला, तेव्हा चालकांना हसू आवरेना. आमच्या पिकल्या केसांकडे पाहून आपणांपैकी काहींनाही ते येत असेल. तेव्हा प्रथम कारण सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत एक तरुण आला. पुण्यात एका ठेकेदाराकडे तो गेम तपासण्याचे काम करतो. गेम परदेशी कंपनीचा असतो. तो बाजारात जाण्यापूर्वी ही मुले रात्रपाळीत बसून पडद्यावरचे एकच दार शेकडो वेळा उघडून पाहतात, एकाच भिंतीवर शेकडो वेळा जाऊन आदळतात आणि चूक सापडली की तिची नोंद करतात. चौदा महिने त्याने एकाच गेमवर काम केले. गेम आला. याने तो पदरचे पैसे देऊन विकत घेतला, शेवटपर्यंत खेळला आणि नाटकाच्या हस्तपत्रकाप्रमाणे शेवटी जी नामावली पडद्यावरून सरकत जाते, ती डोळ्यांत तेल घालून पाहिली. तीत हिशेबनिसांची नावे होती. गेम तयार होत असताना कंपनीतील लोकांना जी मुले झाली त्यांचीही नावे होती. याचे नाव नव्हते. आमच्यासमोर बसून तो म्हणाला, "काका, पगाराचं नंतर बघू. पण नाव का नाही?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. आम्ही संगणकाचे पदवीधर नव्हे. रात्रशाळेतून दहावी झालो आणि पुढचे सारे शिक्षण नगरवाचनालयाने केले. त्या सवयीने या प्रश्नाच्या मागे लागलो, तेव्हा आढळले की तो फार जुना आहे. या धंद्याचा जन्म आणि या प्रश्नाचा जन्म जवळजवळ एकाच वेळचा.

घरच्या टेलिव्हिजनला जोडून खेळावयाची यंत्रे १९७२ पासून अमेरिकेत विकली जात होती; पण ती घरोघर पोचविली कॅलिफोर्नियातील अटारी या कंपनीने, १९७७ मध्ये काढलेल्या यंत्राने. यंत्र एकच, त्यात खेळाचे ठोकळे मात्र बदलून घालावयाचे. आमच्याकडे पुढे मुले या ठोकळ्यास 'कॅसेट' म्हणत. आम्हीही तोच शब्द वापरू. त्या यंत्राची चालू स्मृती १२८ बाइट होती. आजच्या संगणकावर देवनागरीतल्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे आमच्या युनियनचे पूर्ण नाव आणि पत्ता त्या स्मृतीत मावला नसता. सबंध चित्र साठवून ठेवावयास जागाच नाही. मग कारागिराने काय करावे? टेलिव्हिजनचा किरण पडद्यावर एकेक आडवी रेघ ओढीत खाली येतो. त्या रेघेच्या क्षणभर आधी तिच्यात काय यावयाचे ते यंत्राला सांगावयाचे, लगेच पुढची रेघ, पुन्हा पुढची, असे सेकंदाला ६० वेळा सबंध चित्र. आमचे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. धोटा एकदा गेला की तो धागा बसला, चुकला तर कापडात दिसलाच. हे वाचताना आम्हांला साचेखात्याचा आवाज ऐकू आला.

हे सारे एका खेळापुरते एकच माणूस करी. कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाज त्याचे, आज्ञावली त्याची. सहा-आठ महिन्यांच्या मेहनतीनंतर कॅसेट निघे आणि तिच्या पेटीवर फक्त कंपनीचे नाव असे.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. अटारीचा संस्थापक नोलन बुशनेल याने १९७६ मध्ये कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्सला विकली होती. १९७८ मध्ये वॉर्नरने तेथे आणून बसविलेला कारभारी रे कासार हा बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या कापड कंपनीतून आलेला होता. कापडधंद्यातला माणूस कारागिराकडे कोणत्या नजरेने पाहतो हे आम्ही जन्मापासून पाहिलेले. थानाच्या काठावर गिरणीचा छाप असतो. साचेवाल्याचा कधी पाहिला आहे का कोणी?

त्या वेळी अटारीत डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड हे चौघे कारागीर होते. विक्रीखात्याने एक पत्रक वाटले. कोणता खेळ किती खपला याचा तो तक्ता होता. हेतू असा की जास्त खपणाऱ्या धर्तीचे खेळ करावेत. कारागिरांच्या हाती हिशेब देऊ नये, हा मालकांचा जुना शहाणपणा येथे विसरला गेला. चौघांनी बेरीज केली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे सुमारे १० कोटी डॉलरांच्या विक्रीपैकी ६ कोटींची विक्री या चौघांच्या खेळांची होती, आणि प्रत्येकाचा पगार वर्षाला २० ते ३० हजार डॉलर. ते कासारकडे गेले. पुस्तकाच्या लेखकाला, गाण्याच्या गायकाला मिळते तशी नावाची नोंद आणि विक्रीतला थोडा वाटा मागितला. क्रेन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की उत्तर असे मिळाले : कॅसेट जुळविणाऱ्या पट्ट्यावरच्या कामगारापेक्षा तुमचे महत्त्व अधिक नाही.

या उत्तराने चौघे दुखावले आणि आजवर ज्यांनी ज्यांनी ही हकीकत लिहिली ते सारे त्यांच्या बाजूने दुखावले. आम्हांला मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. पट्ट्यावरच्या कामगाराचे महत्त्व कमी, हे गृहीत धरूनच तो अपमान ठरतो ना? कासारने सर्वांना सारखे लेखले ते सर्वांना सारखेच कमी देण्यासाठी. त्या पट्ट्यावरच्या लोकांचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

चौघे बाहेर पडले आणि १९७९ मध्ये जिम लेव्ही या ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यातील माणसासह त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ करणारी ती पहिली कंपनी. पेटीवर कारागिराचे नाव, आतल्या पुस्तिकेत त्याचा फोटो आणि खेळणाऱ्याला त्याने दिलेल्या चार सूचना. १९८२ सालच्या क्रेन यांच्या 'पिटफॉल'च्या ४० लाखांवर प्रती खपल्या. अटारीने खटला भरला होता, तो त्याच वर्षी तडजोडीने मिटला. इतरांना खेळ करण्याची वाट मोकळी झाली.

अटारीतच राहिलेल्या वॉरन रॉबिनेट याने दुसरा मार्ग धरला. त्याने 'अॅडव्हेंचर' हा खेळ केला. ४ किलोबाइटांच्या त्या कॅसेटमध्ये त्याने कोणालाही न सांगता एक गुप्त खोली बांधली. एका दालनात पार्श्वभूमीच्याच रंगाचा, टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका होता. तो शोधून योग्य भिंतीपाशी नेला तर भिंत ओलांडता येई आणि आत उभ्या अक्षरांत लिहिलेले दिसे : हे वॉरन रॉबिनेटने केले. तोंड बंद ठेवून तो नोकरी सोडून गेला. कॅसेटी खपल्या, आणि सॉल्ट लेक सिटीच्या एका मुलाचे पत्र आले तेव्हा १९८० मध्ये कंपनीला कळले. खोडावयाचे तर साचाच नवा करावयास हवा, तो खर्च फार. मग एका अधिकाऱ्याने त्याचेच कौतुक केले, म्हणाला ही तर ईस्टरच्या सणाला लपविलेली अंडी! तेव्हापासून खेळातल्या लपविलेल्या गमतीला 'ईस्टर एग' म्हणतात, आणि आज कंपन्या त्या मुद्दाम ठेवून जाहिरात करतात. चोरून लिहिलेल्या सहीची अशी करमणूक झाली.

इकडे १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला होता. अडीच लाख कामगार बाहेर. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे. त्याच वर्षी अटारीने 'ई.टी.' चित्रपटावरचा खेळ नाताळ गाठण्यासाठी एका कारागिराकडून पाच आठवड्यांत करून घेतला, आणि जितका खपेल त्याहून कितीतरी अधिक छापला. बाजारात गर्दी एवढी की ओट विकणारी क्वेकर कंपनीसुद्धा खेळ काढू लागली होती. १९८३ मध्ये तो डोलारा कोसळला. अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरांच्या वर गेला. न खपलेल्या कॅसेटी सप्टेंबरात ट्रकांनी नेऊन न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावच्या उकिरड्यात पुरल्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्या खणून काढल्या तेव्हा पाहावयास लोक जमले होते.

आणि पट्ट्यावरचे कामगार? १९८३ च्या फेब्रुवारीत अटारीने उत्पादन हाँगकाँग आणि तैवानला हलविण्याचे जाहीर केले व कॅलिफोर्नियातील सुमारे १,७०० माणसांना कमी केले. उरलेल्यांत युनियन बांधण्याचा प्रयत्न झाला, मतदान झाले, युनियन हरली. काम गेलेले आणि भीती उरलेली अशा ठिकाणी मतदान घेतले की ते कसे होते, हे आम्ही आमच्या उमेदीत दोनदा भोगले आहे. त्या १,७०० जणांचे कोणी खणून काढले नाही.

यानंतर जे घडले ते या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वळण असे आम्ही समजतो. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये स्वदेशात आणि १९८५ मध्ये अमेरिकेत आपले यंत्र आणले. अमेरिकेतील यंत्रात एक कुलूप होते. यंत्रात एक चिप, कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींचे सतत संभाषण चाले आणि ते जुळले नाही तर यंत्र पुन्हापुन्हा बंद पडून सुरू होई. जोडीदार चिप फक्त निन्टेंडोकडे. अटी अशा : वर्षाला पाचच खेळ, तोच खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर द्यावयाचा नाही, कॅसेटी आमच्याकडूनच बनवून घ्यावयाच्या. अटारी गेम्सने कुलपाची आज्ञावली अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीतून खोटे कारण सांगून मिळविली आणि कोर्टात मार खाल्ला. ॲक्टिव्हिजनही मुकाट्याने परवानाधारक झाली.

चौघांना १९७९ मध्ये नोकरी सोडून दुकान मांडता आले, कारण दाराला कुलूप नव्हते. कुलूप आल्यावर कारागीर कितीही कुशल असो, आधी परवानगी आणि मग जकात. २००८ मध्ये ॲपलने फोनसाठी खेळांचे व इतर सॉफ्टवेअरचे दुकान उघडले तेथेही हेच : तपासणी त्यांची, आणि विक्रीतले १०० पैकी ३० त्यांचे. काही सवलती पुढे मिळाल्या, त्या कोर्टकचेऱ्या झाल्यावर.

आमच्याकडे मजा निराळी होती. लॅमिंग्टन रोडवर पिवळ्या नकली कॅसेटी मिळत. एकीत हजारो खेळ असल्याची बढाई, प्रत्यक्षात दहा-बाराच आलटून पालटून. कुलपाची आम्हांला गंधवार्ता नव्हती. अर्थात् त्या कॅसेटीवरही करणाऱ्याचे नाव नव्हतेच.

इंटरनेटने कामाचे स्वरूप पालटले. पूर्वी कॅसेट छापली की चूक कायमची, पण कामही संपले. आता खेळ विकल्यावरही दर आठवड्याला बदलतो, म्हणून तपासणी कधीच संपत नाही. त्यासाठी जे माणूसबळ लागते ते ताशी दराने, ठराविक मुदतीचे. गिरणगावात अशांना आम्ही 'बदली' म्हणत असू. गेटवर उभे राहावयाचे, बोलावले तर काम.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात रेव्हन सॉफ्टवेअर म्हणून संस्था आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी' खेळाचे काम तेथे चालते. २०२१ च्या डिसेंबरात तेथल्या १२ तपासनिसांना मुदत संपल्याचे सांगण्यात आले. सुमारे ६० जण काम सोडून बाहेर आले आणि पुढच्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत बाहेर राहिले. २०२२ च्या मे महिन्यात मतदान झाले : १९ युनियनच्या बाजूने, ३ विरुद्ध. या रेव्हनची मालक कंपनी कोणती? ॲक्टिव्हिजन. नावासाठी रागावून निघालेल्या चौघांची ती कंपनी. मधल्या काळात मालक बदलले, चौघे केव्हाच गेले. मतदान सर्व खात्यांचे एकत्र घ्या, असा तिचा आक्षेप होता. मते थोडी असली की ती समुद्रात सोडावयाची, ही युक्ती आमच्या ओळखीची आहे. तो आक्षेप फेटाळला गेला. २०२३ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने सुमारे ६,८७० कोटी डॉलरांना ती कंपनी विकत घेतली, आणि तीन महिन्यांनी आपल्या खेळविभागातील १,९०० माणसे कमी केली. रेव्हनच्या तपासनिसांचा करार व्हावयास २०२५ साल उजाडले.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्याच झेनिमॅक्स या कंपनीतील ३०० हून अधिक तपासनिसांचा करार झाला. त्याआधी त्यांनी संपाला संमती देणारे मतदान केले होते. करारात सर्वांना पगारवाढ आहे, किमान वेतन आहे, मनमानी बडतर्फीविरुद्ध संरक्षण आहे. आणि आणखी एक तरतूद आहे : खेळाच्या नामावलीत तपासनिसांच्या कामाची स्पष्ट नोंद केली जाईल. रॉबिनेटने जे भिंतीआड लपविले, ते पंचेचाळीस वर्षांनी करारात आले.

ही तरतूद आम्ही मराठीत उतरवून त्या तरुणाला दिली. त्याने ती रात्रपाळीच्या चहाच्या वेळी फिरविली. त्याचा ठेकेदार परदेशी कंपनीकडे बोट दाखवितो आणि ती कंपनी ठेकेदाराकडे. अर्ज दोघांच्याही नावे लिहून तयार आहे. खाली कोणी सही करावयाची यावरून तीन आठवडे घोळ चालला, कारण सही म्हणजे पुन्हा नावच. परवा तो येऊन गेला तेव्हा कागदावर अकरा सह्या झाल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन वाचता येऊ नयेत अशा बेताने केलेल्या होत्या.