ईआरपीनेक्स्ट : नवी रिलीज-पद्धत आणि गिटच्या ब्रँच

ईआरपीनेक्स्ट ही हिशेब, खरेदी-विक्री, साठा आणि उत्पादन एकत्र सांभाळणारी मुक्तस्रोत संगणकप्रणाली आहे. रुषभ मेहता यांनी २००८ साली स्थापन केलेली, विद्याविहारची फ्रॅपे टेक्नॉलॉजीज ही कंपनी ती घडवते. पायथनमध्ये लिहिलेल्या या प्रणालीचा परवाना जीपीएल आहे, त्यामुळे ती कोणीही उतरवून घ्यावी, बदलावी, वापरावी. ‘बदलावी’ या मुभेतच नव्या आवृत्तीशी जुळवून घेण्याचा प्रश्न दडलेला आहे.

तिचा सारा कोड गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत राहतो. लिनक्सच्या विकासकांना बिटकीपर ही व्यापारी प्रणाली फुकट मिळेनाशी झाल्यावर लायनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये गिट लिहायला घेतले. गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत असते आणि ब्रँच, म्हणजे कोडची समांतर वाट, काढणे अगदी स्वस्त पडते. सुरुवातीच्या काळात ईआरपीनेक्स्टने या सोयीचा साधाच उपयोग केला. ‘डेव्हलप’वर नवे काम चाले आणि ‘मास्टर’वर पक्का कोड असे. सर्व्हरवर बेंच या साधनाला ‘बेंच अपडेट’ ही आज्ञा दिली की मास्टरवर असेल ते उतरे. मोठी आवृत्ती येत असेल तर बेंच थांबून इशारा देई, तरी मास्टर पुढे सरकला की मागे राहणाऱ्याला वेगळी वाट शोधावी लागे.

२०१८-१९च्या सुमारास, अकराव्या-बाराव्या आवृत्तीच्या काळात, ही घडी बदलली. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला स्वतःच्या नावाची ब्रँच मिळाली: ‘व्हर्जन-१२’, ‘व्हर्जन-१३’. दुरुस्ती आधी डेव्हलपमध्ये जाते, मग बॅकपोर्ट होऊन त्या आवृत्तीच्या हॉटफिक्स ब्रँचमध्ये येते आणि तिथून रिलीज होते. कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, मथळ्याआधी ‘फिक्स’ किंवा ‘फीट’ लिहिण्याची शिस्तही आली. त्या शब्दांवरून पुढचा आवृत्तीक्रमांक यंत्रच ठरवते. योगदान देणाऱ्यांना हे सुरुवातीला जाचक वाटणे स्वाभाविक होते, पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा फार मोलाचा बदल ठरला. मोठी आवृत्ती केव्हा घ्यायची, हे आता तो स्वतः ठरवतो.

खरी कसोटी लागते ती शेवटच्या माणसाची. समजा, दिंडोशीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याने आपल्या बिलाच्या गरजेसाठी मूळ फाइलींतच फेरफार केले आहेत. अपडेट करताना बेंच ते ओळखते आणि पुढे जायला नकार देते. कमिट न केलेले बदल जबरदस्तीने पुसून पुढे जाण्याची सोय आहे, पण मग कारखान्याचे काम गेले. म्हणून जाणकार मूळ कोडला हात लावत नाहीत. ते ‘हुक्स’ आणि ‘कस्टम फील्ड’ वापरून वेगळे ॲप करतात, आणि ते स्वतःच्या गिट रिपॉझिटरीत ठेवतात.

२०२२ची चौदावी आवृत्ती या बाबतीत सर्वांत अवघड ठरली. मनुष्यबळ व पगारपत्रकाचा भाग वेगळ्या ‘एचआरएमएस’ ॲपमध्ये गेला, आणि भारतीय जीएसटीचा भाग ‘इंडिया कम्प्लायन्स’ या स्वतंत्र ॲपकडे गेला. केवळ ब्रँच बदलून पुढे जाणाऱ्याला पगारपत्रक आणि करांची साधने पूर्वीच्या जागी सापडत नाहीत. ही ॲप वेगळी बसवावी लागतात. शिवाय पायथन ३.१० हवे, म्हणजे अनेक ठिकाणी सर्व्हरच बदलणे आले. पुढची पंधरावी आवृत्ती ऑक्टोबर २०२३मध्ये आली.

या साऱ्यात एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. गिटमध्ये कोड कोणत्याही जुन्या कमिटवर परत नेता येतो, डेटाबेस मात्र येत नाही. आवृत्ती बदलताना ‘मायग्रेट’ ही पायरी ‘पॅचेस’ नावाच्या यादीतील छोटे प्रोग्राम क्रमाने चालवते. तक्त्यांची रचना बदलते, जुन्या नोंदी नव्या साच्यात बसवते आणि कोणता पॅच चालला याची नोंद ठेवते. या पॅचना उलटी वाट नसते. ब्रँच मागे नेली तर जुना कोड नव्या रचनेच्या डेटाबेससमोर उभा राहतो आणि काम अडते. परतायचे तर बॅकअप पुन्हा चढवणे एवढाच खात्रीचा मार्ग उरतो, आणि मधल्या काळात केलेली बिले हाताने भरावी लागतात. त्यामुळे आधी बॅकअपच्या प्रतीवर, वेगळ्या सर्व्हरवर, संपूर्ण स्थलांतर करून पाहतात. साठ्याचे आकडे आणि ताळेबंद जुळले, की मगच चालू सर्व्हरला हात लावतात.