थेरीगाथेतली करुणा : उपकार की मैत्री?

करुणेची कविता म्हटली की आपल्याला बहुधा शाळेच्या पुस्तकातली कविता आठवते. त्यात कुणीतरी मोठा माणूस गरिबाची दया करतो, गरीब हात जोडतो आणि कविता संपते. तो गरीब स्वतः काही बोलत नाही. आम्हाला आज अशा कवितेबद्दल लिहायचे आहे जिच्यात तोच बोलतो. ती आपल्या धम्माच्या साहित्यात दोन हजार वर्षांहून अधिक काळ आहे.

सुत्तपिटकातील खुद्दक निकायात थेरगाथा आणि थेरीगाथा असे दोन ग्रंथ आहेत. थेरगाथेत २६४ आणि थेरीगाथेत ७३ काव्ये आहेत. भिक्खू-भिक्खुणींनी त्या गाथा पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवल्या आणि इ.स.पू. पहिल्या शतकात श्रीलंकेत पाली तिपिटकाबरोबर त्या लिहिल्या गेल्या. त्यांत राजघराण्यातले आणि ब्राह्मण कुळातले लोक आहेत, तसेच दासी, गणिका आणि सफाई करणारेही आहेत.

सुनीत कोमेजलेली फुले उचलून टाकण्याचे काम करायचा. हीन कुळात जन्मलो, पोटभर खायला नव्हते, लोक तुच्छ लेखायचे, हे तो कसलाही आडपडदा न ठेवता सांगतो. एके दिवशी मगधाच्या राजधानीत शिरणारे बुद्ध त्याला दिसले. खांद्यावरची कावड खाली ठेवून तो पुढे गेला. बुद्ध थांबले. माझ्यासाठीच थांबले, असे सुनीत म्हणतो. त्याने प्रव्रज्या मागितली आणि बुद्धांनी त्याला 'ये भिक्खू' म्हणून संघात घेतले. इथे करुणा म्हणजे हातावर ठेवलेले नाणे नाही. ज्याच्याकडे पाहून लोक तोंड फिरवत होते, त्याच्यासाठी थांबणे आणि त्याला आपल्या पंक्तीत घेणे, ही ती करुणा आहे.

चंदा विधवा होती, निपुत्रिक होती. हातात काठी आणि भिक्षापात्र घेऊन ती सात वर्षे अन्नासाठी दारोदार फिरली. एका भिक्खुणीला अन्नपाणी मिळालेले पाहून ती तिच्याकडे गेली. पण तिने घास मागितला नाही, प्रव्रज्या मागितली. पटाचारेने तिला संघात घेतले, शिकवले, पुढे जायला उभारी दिली. ही पटाचारा कोण? नवरा, मुले, आईबाप गमावून वेडीपिशी झालेली बाई, असे अट्ठकथा सांगते. म्हणजे इथे दुःख भोगलेल्या बाईनेच दुसऱ्या दुःखी बाईचा हात धरला.

तिसरी पुण्णिका, पाणी भरणारी दासी. मालकिणीच्या मारहाणीच्या आणि शिव्यांच्या भीतीने ती कडाक्याच्या थंडीतही नदीत उतरायची. तिथे पाप धुवायला आलेला एक ब्राह्मण कुडकुडताना तिला दिसला. ती त्याला विचारते, आंघोळीने पाप जात असेल तर बेडूक, कासवे, मगरी सगळे स्वर्गात जातील का? आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेणार नाही का? त्याला ते पटले. त्याने तिला वस्त्र देऊ केले. तिने घेतले नाही. दुःखाची भीती वाटत असेल तर वाईट कर्म करू नकोस, असे तिने सांगितले. इथे दासी देणारी आहे आणि ब्राह्मण घेणारा.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सुनीताची कथा आवर्जून घेतली आहे. त्याच ग्रंथात ते करुणेच्याही पुढे जाऊन मैत्रीची महती सांगतात. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धांकडून घेतल्याचे सांगितले आणि त्यांत बंधुतेला सर्वोच्च स्थान दिले. कायदा माणसाला हक्क देऊ शकतो, पण शेजाऱ्याच्या मनात त्याच्याविषयी आपलेपणा नसेल तर ते हक्क रोज नव्याने भांडून मिळवावे लागतात. हा आपला रोजचा अनुभव आहे.

कुणी म्हणेल, बावीस प्रतिज्ञांमध्ये दया आहेच की. आहेच. पण १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात घेतलेल्या त्याच प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसे समान आहेत हेही आहे आणि समता स्थापन करण्याचा निर्धारही आहे. समतेपासून तोडलेली दया म्हणजे उपकार. उपकार करणारा मोठाच राहतो आणि घेणाऱ्याची मान खालीच राहते.

हा प्रश्न आपण फक्त सवर्णांना विचारून भागणार नाही. जयंतीला आपण वस्तीतल्या मुलींना वह्या-पेन वाटतो. ते वाटलेच पाहिजेत. पण त्याच वस्तीतल्या किती मुली आपल्या मंडळाच्या बैठकीत बसतात? किती जणींच्या हाती माईक असतो? सफाई कामगाराच्या सत्काराला आपण शाल आणतो, पण संघटनेची धोरणे ठरवताना त्याला बोलावतो का? चंदाला पटाचारेने भाकरी देऊन वाटेला लावले असते तर तिची गाथा आपल्यापर्यंत आलीच नसती. तिला संघात जागा मिळाली, म्हणून ती बोलू शकली.

तरुण मित्रमैत्रिणींनो, या गाथा मिळवा, वाचा, विहारात मोठ्याने वाचून दाखवा. आणि पुढच्या बैठकीला चंदा, सुनीत, पुण्णिका यांच्यासाठी खुर्च्या मांडा.

जय भीम! नमो बुद्धाय!