गच्चीवरच्या डब्याचं कुळ

अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत आमच्याकडे केबलवाल्यानं नेट आणलं ते गच्च्यांवरून. टाकीजवळून निघालेली वायर पुढच्या इमारतीवर, तिथे पत्र्याच्या डब्यात खोकं, आणि त्याला वीज वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी घरातून. ती मंडळी मे महिन्यात मेन स्विच पाडून गावी गेली की तिथून पुढच्या सगळ्या इमारतींचं नेट बंद.

दर इमारतीवर डबा कशाला, असं वायर टाकणाऱ्या पोराला विचारलं. ‘शंभर मीटरच्या पुढे जात नाय.’ बरोबर, सिग्नल थकतो. पण असे डबे किती जोडत जायचे?

गच्चीवरची ही जोडणी इथरनेटची. रॉबर्ट मेटकाफनं 1973 मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ते मांडलं, तेव्हा सगळी यंत्रं एकाच केबलवर. दोघं एकदम बोलले की टक्कर, आणि ती पाठवणाऱ्याला संदेश संपायच्या आत कळायलाच हवी. पुढच्या दहा मेगाबिटच्या इथरनेटमध्ये सर्वांत छोट्या, 64 बाइटच्या संदेशाला 51.2 मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात पार टोकाला जाऊन परत यायचं. म्हणून 500 मीटरचे पाच तुकडे, मध्ये चार रिपीटर. अडीच किलोमीटरला खेळ खलास. रिपीटर सिग्नलला ताजंतवानं करतो, पण वेळ कुठून आणणार? उलट थोडा स्वतःच खातो. हब त्याचाच अनेक तोंडांचा भाऊ. वेग शंभरावर गेला तेव्हा हबांचा पल्ला जेमतेम दोनशे मीटरवर आला.

ब्रिज वेगळ्या रक्ताचा. तो संदेश पुरता आत घेतो, पत्ता वाचतो आणि पलीकडे काम असेल तरच सोडतो. अलीकडची टक्कर अलीकडेच राहते, पलीकडे मोजणी नव्यानं सुरू. सात तोंडांचा ब्रिज 1990 मध्ये ‘कल्पना’ नावाच्या कंपनीनं इथरस्विच म्हणून विकायला काढला. नाव घाटकोपरचं वाटतं, कंपनी कॅलिफोर्नियाची.

आमच्या डब्यांतलं खोकं याच कुळातलं, म्हणून डबे जोडत जाता आले. पण ब्रिजची एक खोड आहे: सगळ्यांसाठी मारलेली आरोळी तो अडवत नाही. त्यामुळेच संगणकावर ‘नेटवर्क नेबरहूड’ उघडलं की शेजारच्या सेक्टरमधल्यांची गाणी-सिनेमे दिसायचे. पण वायरीचं वेटोळं झालं तर तीच आरोळी फिरत राहते, थांबतच नाही. त्यावर रेडिया पर्लमननं 1985 मध्ये उपाय काढला, जादा वाट ओळखून ती बंद ठेवणारा. आमच्या स्वस्तातल्या डब्यांत तो नव्हता.

एका गणपतीत रोषणाईच्या गडबडीत कुणीतरी सुटलेली वायर परत लावली. दोन्ही टोकं एकाच डब्यात. सगळी कॉलनी ठप्प. रात्री दीडपर्यंत केबलवाला टॉर्च घेऊन गच्चीमागून गच्ची चढत, एकेक जॅक उपटत होता.