ग्रेपची साक्ष

लिनक्सवाल्यांच्या गोटात एक मत असे मुरले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाच्या मनातही येत नाही. विंडोजची रजिस्ट्री म्हणजे अंधारकोठडी, आपल्याकडे मात्र सगळा कारभार साध्या टेक्स्ट फाइलींत, उघड्यावर. स्क्रिप्टला एखादे सेटिंग हवे असेल तर 'ईटीसी'तली फाइल ग्रेप करावी, काम संपले.

पूर्वपक्ष दुबळा नाही. टेक्स्ट फाइल कोणालाही वाचता येते, गिटमध्ये ठेवता येते, कोणी काय बदलले ते ओळीओळीने दिसते, शेजारी कारणही लिहून ठेवता येते. पण हे सारे गुण सेटिंग लिहिणाऱ्याच्या सोयीचे. वाचणाऱ्या स्क्रिप्टला वेगळेच हवे असते: या घटकेला यंत्रणा कशानुसार चालली आहे?

एसएसएचचेच घ्या. उबंटूच्या सर्व्हरवर 'एसएसएचडी_कॉन्फिग'मध्ये पासवर्डने लॉगिन बंद असल्याची ओळ आहे. ऑडिटच्या स्क्रिप्टला ती सापडते, अहवालात हिरवी खूण उमटते. पण त्याच फाइलीत वरती पोटफोल्डरातल्या फाइली आत घेणारा एक 'इन्क्लूड' असतो (ही सोय ओपनएसएसएच ८.२ मध्ये, २०२० साली आली), आणि बहुतेक सेटिंगांत जे मूल्य आधी सापडते तेच धरले जाते. क्लाउड-इनिटने पोटफोल्डरात टाकलेल्या फाइलीत पासवर्डला मुभा असेल, तर सर्व्हर पासवर्ड घेतो. ग्रेप खोटे बोलले नाही. त्याला विचारलेच चुकीचे. 'एसएसएचडी'ला कॅपिटल टी हा पर्याय देऊन विचारले, की सगळ्या फाइली जमेस धरून निघालेले उत्तर मिळते. तेही आत्ता नव्याने सुरू केले तर काय लागू होईल याचे. फाइल बदलून सर्व्हिस रिलोड केली नसेल तर चालू प्रक्रिया अजून जुन्याच मूल्यांवर असते.

आयपी फॉरवर्डिंगची तीच गत. 'सिससीटीएल.कॉन्फ'मध्ये त्याची ओळ कॉमेंट केलेली असली, तरी डॉकर सुरू होताना ते सेटिंग स्वतःच चालू करतो. खरे मूल्य 'प्रॉक'खाली. एलडॅपवरचे वापरकर्ते 'पासडब्ल्यूडी' फाइलीत नसतात, 'गेटएंट'ला मात्र दिसतात.

रजिस्ट्रीचे वकीलपत्र मी घेत नाही. तिथेही ३२-बिट स्क्रिप्टने 'सॉफ्टवेअर' शाखा उघडली तर ६४-बिट विंडोज तिला गुपचूप दुसऱ्याच शाखेकडे वळवते. पण निदान आकडा आकडा म्हणून आणि मजकूर मजकूर म्हणून हाती येतो.

बंद पडलेल्या यंत्राची डिस्क रेस्क्यू डिस्कवरून माउंट केली असेल, तर फाइलीवाचून गत्यंतर नाही, हे मान्य. उरतो एक आक्षेप: कमांडचे आउटपुट आवृत्तीगणिक बदलते, फाइल बदलत नाही. 'एसएसएचडी' तर ओळीला एक नाव नि त्याचे मूल्य असेच छापतो. उलट ग्रेपवाल्याला # च्या मागची ओळ, टॅब की स्पेस, लहान-मोठी अक्षरे, 'मॅच'चे ब्लॉक, 'इन्क्लूड'चा क्रम हे सगळे स्वतः सांभाळावे लागते. म्हणजे एसएसएचडीचाच पार्सर रेजेक्समध्ये, अर्धामुर्धा, पुन्हा लिहावा लागतो.